एम.टेक.ला मशीन लर्निंग: पहिल्या सत्राआधी काय पक्कं करावं?

पिंपळपान

एम.टेक.ला प्रवेश झालाय, वर्ग जुलैअखेर सुरू होतील. पदवी मेकॅनिकलची, गेटचा डीए (डेटा सायन्स आणि एआय) पेपर देऊन आलोय. पहिल्याच सत्रात मशीन लर्निंगचा मूळ विषय आणि ऑप्टिमायझेशन दोन्ही आहेत. हातात साधारण दहा आठवडे. विचारायचं ते असं:

गेटचा अभ्यास पुरतो का, की गणित पुन्हा करायला हवं? जीपीयूवाला लॅपटॉप घ्यावा का? आणि कोर्स प्रोजेक्ट मराठी मजकुरावर करायचा मनात आहे, तर त्यात कुठे अडतं?

सह्यकडा

गेटचा पुरत नाही. कुठे कमी पडतो ते नेमकं सांगतो, म्हणजे सगळं पहिल्यापासून करत बसायला नको.

डीए पेपर २०२४ पासून आहे. त्यातली लिनिअर अल्जेब्रा चांगली आहे: प्रोजेक्शन, आयगेन व्हॅल्यू, एसव्हीडी (सिंग्युलर व्हॅल्यू डिकंपोझिशन), क्वाड्रॅटिक फॉर्म सगळं येतं. संभाव्यताही बऱ्यापैकी होते. पण कॅल्क्युलस आणि ऑप्टिमायझेशनचा भाग पाहा, तो एकाच चलाच्या फलनापुरता आहे. एम.टेक.च्या वर्गात दुसऱ्या आठवड्यापासून सगळं व्हेक्टर आणि मॅट्रिक्सच्या डेरिव्हेटिव्हमध्ये चालतं, पाठोपाठ लॅग्रांज आणि ड्युअल येतात. मुलं अडखळतात ती इथे. शिवाय गेटमध्ये ६५ प्रश्न, तीन तास, पर्याय निवडा नाहीतर आकडा भरा. सत्र परीक्षेत कोरा कागद आणि 'सिद्ध करा'. हाताची सवयच वेगळी लागते.

दहातले पहिले तीन आठवडे बहुचल कॅल्क्युलस आणि मॅट्रिक्स डेरिव्हेटिव्हला द्या. डायझेनरॉथ, फैसल आणि ओंग यांचं 'मॅथेमॅटिक्स फॉर मशीन लर्निंग' (२०२०) पीडीएफ स्वरूपात मोफत आहे, त्यातलं पाचवं प्रकरण. नंतरचे तीन आठवडे संभाव्यता: कंडिशनल एक्सपेक्टेशन, बहुचल गॉसियन, एमएलई (हाती आलेला डेटा सर्वांत संभाव्य ठरवणारे पॅरामीटर) आणि एमएपी (त्यात आधीचा अंदाज, म्हणजे प्रायर, मिसळून). मग दोन आठवडे बॉइड आणि वँडेनबर्ग यांचं 'कॉन्व्हेक्स ऑप्टिमायझेशन' (२००४). तेही मोफत आहे. त्यातली दुसरं, तिसरं आणि पाचवं एवढीच प्रकरणं. उरलेले दोन आठवडे कोडला.

वाचून झालं म्हणजे आलं असं धरू नका. पुस्तक मिटून खालच्या गोष्टी कागदावर उतरतात का ते बघा:

- लीस्ट स्क्वेअर्सचा ग्रेडियंट, आणि उत्तर एकमेव केव्हा नसतं
- रिज रिग्रेशन म्हणजे गॉसियन प्रायर घेतलेलं एमएपी, आणि लॅम्डा म्हणजे नॉइजचा व्हेरियन्स भागिले प्रायरचा व्हेरियन्स
- लॉजिस्टिक रिग्रेशनचा हेसियन, आणि तो पॉझिटिव्ह सेमी-डेफिनिट का असतो
- बहुचल गॉसियनचे काही घटक दिले असता उरलेल्यांचा मीन आणि कोव्हेरियन्स
- एसव्हीएमचा (सपोर्ट व्हेक्टर मशीनचा) ड्युअल, केकेटी अटींसह (बंधनं असताना इष्टतम उत्तराने पाळायच्या अटी)
- ईएममधली (एक्सपेक्टेशन-मॅक्सिमायझेशन) लोअर बाउंड येन्सनच्या असमानतेतून

पहिलंच जरा जवळून पाहू. डेटा मॅट्रिक्स क्ष, आकार न × ड (न उदाहरणं, ड वैशिष्ट्यं). अपेक्षित उत्तरांचा व्हेक्टर य, आकार न × १. वजनांचा व्हेक्टर व, आकार ड × १. ग्रेडियंट येतो दोन गुणिले क्ष-ट्रान्सपोज गुणिले (क्षव वजा य). प्रत्येक ओळीखाली आकार लिहायची सवय लावा. ग्रेडियंटचा आकार व एवढाच, म्हणजे ड × १ यायला हवा. नाही आला तर ट्रान्सपोज चुकलंय. परीक्षेतल्या निम्म्या चुका इथेच सापडतात.

आता पुढचा प्रश्न, जो बहुतेक जण सोडून देतात. ड हा न पेक्षा मोठा असेल तर क्ष-ट्रान्सपोज-क्ष उलटवता येत नाही, उत्तरं अनंत. मग शून्यापासून सुरू केलेला ग्रेडियंट डिसेंट कुठे पोचतो? सर्वांत लहान नॉर्मच्या उत्तराकडे. कारण प्रत्येक ग्रेडियंट क्षच्या ओळींनी तयार होणाऱ्या स्पेसमध्येच असतो, तिथून बाहेर पडायला वाटच नाही. एवढा मुद्दा नीट समजला तर पुढे ओव्हरपॅरामीटराइज्ड मॉडेलांवरचे पेपर वाचताना दचकायला होत नाही.

आणि उलटवता येत असलं तरी थेट उलटवू नका. क्षचा कंडिशन नंबर १० चा ४था घात असेल तर क्ष-ट्रान्सपोज-क्षचा ८वा घात होतो. फ्लोट३२ मध्ये सात दशांश अंकच विश्वासाचे, म्हणजे हाती काही उरत नाही. क्यूआर किंवा एसव्हीडी वापरणारं तयार लीस्ट स्क्वेअर्स फंक्शन घ्या.

त्रिज्या

सह्यकडा यांची यादी उत्तम आहे, पण कोड शेवटच्या दोन आठवड्यांवर टाकणं मला पटत नाही. डेरिव्हेशन केलं की त्याच संध्याकाळी नमपायमध्ये (पायथॉनची गणिताची लायब्ररी) लिहा आणि ग्रेडियंट तपासा. कागदावरची चूक डोळ्यांना दिसत नाही, आकड्यांत लगेच उघडी पडते.

तपासायची रीत: प्रत्येक पॅरामीटर थोडा पुढे, थोडा मागे सरकवून लॉसमधला फरक घ्यायचा, भागिले दुप्पट सरक. सरक १० चा उणे ५वा घात. हे फ्लोट६४ मध्येच करा. फ्लोट३२ मध्ये बरोबर ग्रेडियंटही चुकीचा दिसतो. सापेक्ष फरक १० च्या उणे ७व्या घातापेक्षा कमी आला तर निर्धास्त. शतांशाच्या वर गेला तर नक्की चूक. रेलू असेल तर शून्याच्या अगदी जवळच्या बिंदूंवर फरक मोठा दिसू शकतो, तिथे दुसरे नमुने घेऊन पाहा.

सॉफ्टमॅक्स (मॉडेलच्या कच्च्या आकड्यांची, म्हणजे लॉजिटची, संभाव्यता करणारं फलन) एकदा तरी हाताने लिहाच. फ्लोट३२ मध्ये ई चा ८८वा घात मावतो, ८९वा मावत नाही. फ्लोट१६ मध्ये कमाल ६५,५०४, म्हणजे ई चा ११वा घात मावतो, १२वा नाही. लॉजिटमधून सर्वांत मोठा आकडा आधी वजा करायचा, उत्तर तेच राहतं आणि ओव्हरफ्लो टळतो.

आता पायटॉर्चमधली (डीप लर्निंगची लायब्ररी) एक चूक जी दर वर्षी कोणाच्या ना कोणाच्या असाइनमेंटमध्ये असतेच. तिथला क्रॉसएन्ट्रॉपीलॉस लॉजिट मागतो, सॉफ्टमॅक्स तो आत स्वतः लावतो. मुलं मॉडेलच्या शेवटी सॉफ्टमॅक्स लावून ठेवतात, म्हणजे तो दोनदा लागतो. एरर येत नाही, मॉडेल थोडंफार शिकतंही. ओळखायचं कसं? दहा वर्ग असतील तर लॉस १.४६ च्या खाली कधीच जात नाही. आतल्या सॉफ्टमॅक्सला मिळणारा सर्वांत चांगला इनपुट म्हणजे एक '१' आणि नऊ '०'. त्यावर लॉस येतो नैसर्गिक लॉग((ई + ९) / ई), म्हणजे १.४६१. ट्रेनिंग लॉस या आकड्याशी येऊन चिकटला की दुसरं काही शोधू नका.

नवीन मॉडेल चालवण्याआधी दोन तपासण्या:

१) ट्रेनिंग सुरू व्हायच्या आधीचा लॉस. दहा वर्गांना नैसर्गिक लॉग १० म्हणजे २.३०, शंभर वर्गांना ४.६१ च्या आसपास हवा. खूप जास्त असेल तर सुरुवातीची वजनं किंवा इनपुटचं स्केलिंग बिघडलंय.

२) १६ उदाहरणांची एकच बॅच घ्या, ऑगमेंटेशन आणि वेट डिके बंद करा, काहीशे स्टेप चालवा. लॉस शून्याजवळ गेलाच पाहिजे. नाही गेला तर पूर्ण डेटावर चालवून जीपीयूचे तास घालवू नका, चूक कोडमध्ये आहे.

लंबक

+१. कोडच्या आठवड्यांत नवं काही रचण्यापेक्षा जुना, आकडे स्पष्ट दिलेला एक पेपर पुन्हा उभा करा. माझी निवड: २०१५ च्या रेसनेट (चित्रं ओळखणारं न्यूरल नेटवर्क) पेपरमधला सीफार-१० चा (दहा वर्गांच्या छोट्या चित्रांचा डेटासेट) प्रयोग, त्यातलं सर्वांत छोटं रेसनेट-२०. टेस्ट एरर ८.७५ टक्के दिली आहे. मॉडेल इतकं लहान आहे की फुकटच्या जीपीयूवरही एका सत्रात होतं.

कृती: पहिला ३ × ३ चा कन्व्होल्यूशन, १६ फिल्टर. मग ३२, १६ आणि ८ आकाराचे तीन टप्पे, फिल्टर अनुक्रमे १६, ३२, ६४, प्रत्येक टप्प्यात तीन ब्लॉक. शेवटी ग्लोबल ॲव्हरेज पूलिंग आणि दहा वर्गांचा थर. आकार बदलतो तिथे शॉर्टकटला नवीन वजनं नाहीत, शून्यं भरायची. एकूण पॅरामीटर सुमारे २.७ लाख. बॅच १२८, मोमेंटम ०.९, वेट डिके ०.०००१, लर्निंग रेट ०.१, तो ३२,००० आणि ४८,००० स्टेपला दहाने भागायचा, ६४,००० ला थांबायचं. ऑगमेंटेशन: चारही बाजूंना ४ पिक्सेल पॅडिंग, त्यातून ३२ × ३२ चा रँडम क्रॉप, आणि आडवं उलटवणं.

कुठे फसतं ते:

टॉर्चव्हिजनमधलं तयार रेसनेट-१८ उचललं जातं. ते इमेजनेटच्या मोठ्या चित्रांसाठी आहे. सुरुवातीचा ७ × ७ कन्व्होल्यूशन आणि मॅक्सपूल मिळून ३२ चं चित्र ८ वर आणून ठेवतात, पुढच्या थरांना पाहायला फारसं काही उरत नाही. पॅरामीटरही १.१ कोटी. त्याचा आकडा पेपरशी ताडण्यात अर्थ नाही.

शेड्यूलरला ३२,००० आणि ४८,००० दिले आणि तो प्रत्येक इपॉकनंतर (पूर्ण डेटावरची एक फेरी) पुढे सरकवला, तर लर्निंग रेट कधीच उतरत नाही. अचूकता नव्वदीला पोचत नाही आणि माणूस आर्किटेक्चरमध्ये चूक शोधत बसतो. ५०,००० चित्रं भागिले १२८ म्हणजे एका इपॉकला ३९१ स्टेप, ६४,००० स्टेप म्हणजे साधारण १६४ इपॉक. हा हिशेब कोडच्या वर कॉमेंटमध्ये लिहून ठेवा.

टेस्टच्या वेळी मॉडेल इव्हॅल्युएशन मोडमध्ये टाकायचं राहिलं तर बॅचनॉर्म त्या बॅचचाच मीन वापरतो. खूण अशी की टेस्टचा बॅच साइझ बदलला की अचूकता बदलते.

तुमची एरर ८.३ ते ९.३ च्या मध्ये आली तर काम झालं. १०,००० चित्रांवर एवढा फरक नुसत्या नमुन्यामुळेही पडतो.

रातवा

जीपीयूबद्दल. घेऊ नका. १६ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप घ्या आणि पैसे राखून ठेवा. पहिल्या सत्राचं काम कोलॅब किंवा कॅगलवर (फुकट जीपीयू देणाऱ्या सेवा) होतं, पुढे विभागाचा सर्व्हर मिळतो. लॅपटॉपमधल्या जीपीयूची मेमरी इतकी कमी असते की ज्या कामाला खरंच जीपीयू लागतो तिथे ती पुरत नाही.

मेमरीचा हिशेब तोंडपाठ असू द्या. ॲडम वापरून पूर्ण ट्रेनिंग करायचं तर फ्लोट३२ मध्ये प्रत्येक पॅरामीटरला १६ बाइट: वजन ४, ग्रेडियंट ४, ॲडमचे दोन मोमेंट ४-४. म्हणजे १०० कोटी पॅरामीटरला १६ जीबी, आणि ॲक्टिव्हेशन अजून मोजलेलीच नाहीत. कोलॅबवरचा टी४ (जीपीयू कार्ड) एकूण १६ जीबीचा. ७०० कोटींच्या मॉडेलला ११२ जीबी लागतील. म्हणून लोरा वापरतात (मूळ वजनं तशीच ठेवून दोन छोटे मॅट्रिक्स शिकवणं): ४०९६ × ४०९६ च्या मॅट्रिक्समध्ये १.६८ कोटी आकडे, रँक ८ घेतली तर शिकवायचे फक्त ६५,५३६.

टी४ वर बीफ्लोट१६ (१६ बिटांत आकडे ठेवायचा एक प्रकार) हार्डवेअरमध्ये नाही. इंटरनेटवरचा कोड बहुधा नव्या कार्डांसाठी लिहिलेला असतो, तो तसाच उचलला की एकतर रखडतो नाहीतर बंद पडतो. फ्लोट१६ घ्या, पण ग्रेडियंट स्केलर लावूनच. नाहीतर छोटे ग्रेडियंट शून्य होतात आणि लॉस जागचा हलत नाही.

सत्र मध्येच तुटणार हे गृहीत धरा. चेकपॉइंटमध्ये नुसती वजनं ठेवू नका. ऑप्टिमायझर, शेड्यूलर, स्टेपचा आकडा आणि रँडम स्टेटही हवी. ॲडमचे मोमेंट जतन न करता पुन्हा सुरू केलं की लॉसच्या आलेखात त्या जागी उसळी दिसते.

पिंपळपान

सगळ्यांचे मनापासून आभार. एक शंका: प्रोजेक्टमध्ये दोन मॉडेलांची तुलना करताना किती फरक 'खरा' मानायचा? आधीच्या वर्षीच्या अहवालांत ०.५ टक्क्यावर 'सुधारणा' म्हटलेलं दिसतं.

सह्यकडा

टेस्ट सेट किती मोठा आहे त्यावर. १,००० उदाहरणांवर ९० टक्के अचूकता आली तर ९५ टक्के विश्वासाची पट्टी साधारण ± १.९ टक्के. अर्ध्या टक्क्याला तिथे काही किंमत नाही.

दोन्ही मॉडेलं एकाच टेस्ट सेटवर चालवली असतील तर त्याहून बारीक चाचणी करता येते, मॅकनेमारची. दोघांचं एकमत झालेली उदाहरणं सोडून द्या. समजा, पहिलं बरोबर आणि दुसरं चूक अशी ३०, उलट २०. फरकाचा वर्ग भागिले बेरीज, १०० भागिले ५०, म्हणजे २. पाच टक्क्यांची सीमा ३.८४. म्हणजे पूर्ण एक टक्क्याचा फरक असूनही काही सिद्ध झालं नाही.

शिवाय किमान तीन, जमल्यास पाच वेगळ्या सीडवर (रँडम आकड्यांची सुरुवात) चालवा, मीन आणि स्टँडर्ड डेव्हिएशन दोन्ही लिहा. आणि बेसलाइनलाही तेवढंच ट्यूनिंग द्या. आपल्या मॉडेलचे ४० लर्निंग रेट पाहायचे आणि बेसलाइन डिफॉल्टवर चालवायची, हा अप्रामाणिकपणाच आहे, मग तो नकळत का होईना. टेस्ट सेट शेवटी एकदाच उघडायचा. ट्यूनिंग सगळं व्हॅलिडेशनवर.

आडवाट

मराठी मजकुराबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. इथे मॉडेलच्या आधीच डेटा बिघडतो आणि कळतही नाही.

पहिली अडचण टोकनची. पायथॉनच्या नेहमीच्या रेजेक्समध्ये 'बॅकस्लॅश-डब्ल्यू' मात्रा आणि हलन्ताला अक्षर मानत नाही. 'मराठी' चे तुकडे होतात 'मर' आणि 'ठ'. सायकिट-लर्नच्या काउंटव्हेक्टरायझरचा डिफॉल्ट पॅटर्न दोनपेक्षा लहान तुकडे टाकून देतो, म्हणून उरतं फक्त 'मर'. एरर नाही, इशारा नाही, आणि मॉडेल ६०-७० टक्के देतंही, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. टोकन पॅटर्न स्वतः द्या: युनिकोडचा देवनागरी पट्टा ०९०० ते ०९७एफ, सोबत झिरो-विड्थ जॉइनर (अक्षरं जोडणारा अदृश्य वर्ण). त्या पट्ट्यात दंडही येतो, तो वेगळा काढा.

दुसरी, 'दुसऱ्या' सारखे शब्द. हा दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि पुढे हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि झिरो-विड्थ जॉइनर: दुसर्‍या. पडद्यावर दोन्ही सारखे, मशीनला दोन वेगळे शब्द. एनएफसी (युनिकोडचं एक प्रमाण रूप) नॉर्मलायझेशनने हे एक होत नाहीत. त्यात कोणी 'अदृश्य अक्षरं काढा' म्हणून जॉइनर पुसला की 'दुसर्या' असा रफार येतो आणि तिसरंच रूप तयार होतं. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी र + हलन्त + जॉइनर च्या जागी ऱ + हलन्त, मग एनएफसी, आणि मगच उरलेले अदृश्य वर्ण काढा.

तिसरी, बहुभाषिक बर्टचं (आधीच शिकवलेलं भाषा मॉडेल) 'अनकेस्ड' रूप. ते ॲक्सेंट समजून उकार, एकार, अनुस्वार आणि हलन्त काढून टाकतं. 'कुत्रा' चा 'कतरा', 'चंद्र' चा 'चदर'. मूळ, मेळ आणि मळ तिन्ही 'मळ' होतात. 'केस्ड' घ्या, किंवा मराठीसाठीच केलेलं मॉडेल. कोणतंही घ्या, आधी वीस वाक्यं टोकनायझरमधून काढून डोळ्यांनी वाचा.

टोकनसंख्याही पाहा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक वर्ण ३ बाइट, 'महाराष्ट्र' या एका शब्दाला ३०. इंग्रजीवर घडलेला बाइट-स्तरीय टोकनायझर त्याचे बरेच तुकडे करतो, आणि ५१२ टोकनांची मर्यादा काही परिच्छेदांतच संपते.

पिंपळपान

हे माहीतच नव्हतं! डेटा कुठला घेऊ? बातम्या स्वतः गोळा करून भावनांचं वर्गीकरण करावं असं मनात होतं.

आडवाट

एका सत्रात गोळा करणं, लेबल लावणं आणि मॉडेल, तिन्ही होत नाही. पुण्याच्या एल३क्यूब या गटाचा महासेंट हा डेटासेट आहे, २०२१ चा, सुमारे १६,००० ट्वीट, सकारात्मक, नकारात्मक आणि तटस्थ असे तीन वर्ग. त्यावर सुरू करा, त्यांची ट्रेन-टेस्ट विभागणी तशीच ठेवा, म्हणजे तुमचे आकडे इतरांशी ताडता येतील.

बातम्या घ्यायच्याच असतील तर गळतीपासून सांभाळा. वृत्तसंस्थेची एकच बातमी चार दैनिकांत दोन शब्द बदलून येते. रँडम विभागणी केली की तिची जुळी भावंडं ट्रेन आणि टेस्ट दोन्हीकडे जातात आणि अचूकता फुगते. तारखेनुसार विभागा: जुन्या ट्रेनला, नव्या टेस्टला. आणि सलग पाच शब्दांचे गट करून ज्या बातम्यांचं जॅकार्ड साम्य (सामाईक गट भागिले एकूण वेगळे गट) ०.८ च्या वर आहे त्यांतली एकच ठेवा.

लेबलं स्वतः लावलीत तर आधी २०० वाक्यं दोघांनी एकमेकांना न विचारता लावा आणि कोहेनचा कापा (योगायोगाचा वाटा वगळून मोजलेलं एकमत) काढा. ८५ टक्के एकमत ऐकायला छान वाटतं, पण योगायोगाने ६० टक्के होणार असेल तर कापा फक्त ०.६२५. त्याखाली गेलात तर आणखी लेबलं लावू नका, नियम पुन्हा लिहा.

बातम्यांत तटस्थ वाक्यं फार असतात. समजा ८० टक्के आहेत. सगळ्यांना 'तटस्थ' म्हणणारं मॉडेल ८० टक्के अचूक ठरेल, पण तिन्ही वर्गांचा मॅक्रो एफ१ (प्रत्येक वर्गाचा एफ१ काढून त्यांची सरासरी) फक्त ०.३० येईल. अहवालात मॅक्रो एफ१ द्या, सोबत कन्फ्यूजन मॅट्रिक्स.

पिंपळपान

ठरलं, महासेंट. शेवटचं: दहा आठवड्यांत सगळं बसलं नाही तर काय सोडू?

त्रिज्या

व्हीसी डायमेन्शन आणि एकूण लर्निंग थिअरी सोडा, वर्गात सावकाश शिकवतात. ट्रान्सफॉर्मरही सोडा. ईएम अर्धवट राहिलं तरी चालेल. मॅट्रिक्स डेरिव्हेटिव्ह आणि कंडिशनल गॉसियन मात्र सोडू नका. काल्मन फिल्टर, गॉसियन प्रोसेस, फॅक्टर ॲनालिसिस ही सगळी त्या एका सूत्रावर उभी आहेत, आणि वर्गात ते 'तुम्हाला येतंच' म्हणून एका ओळीत उरकतात.

सह्यकडा

सहमत. त्या सूत्रासाठी ब्लॉक मॅट्रिक्सचा इन्व्हर्स पाठ करू नका, शूर कॉम्प्लिमेंटने स्वतः काढा. आधी २ × २ च्या साध्या आकड्यांवर करा: दोन्ही मीन ०, दोन्ही व्हेरियन्स १, कोरिलेशन ०.८, दुसरा चल २ दिला. पहिल्याचा मीन १.६ आणि व्हेरियन्स ०.३६ यायला हवा. तो आला की ब्लॉकवर जा.